‘सपोज्ड टू’ : अर्थ आणि रोजचा वापर

इस्रायलमध्ये आपलं घरात मराठीवर आणि बाहेर हिब्रूवर भागतं, तरी इंग्रजी काही सुटत नाही. कामाच्या ठिकाणी, नातेवाइकांच्या फोनवर, मुलांच्या तोंडी ती असतेच. तिच्यातला ‘सपोज्ड टू’ हा प्रयोग दिवसातून दहादा कानावर येतो. मला त्याचा अर्थ बरेच जण विचारतात, म्हणून इथे एकत्र लिहीत आहे.

रचना

कर्ता + ॲम, इज किंवा आर + सपोज्ड टू + मूळ क्रियापद. भूतकाळात वॉज किंवा वेअर.

हा कर्मणी प्रयोग आहे. ‘सपोज’ म्हणजे समजणं, धरून चालणं. ‘सपोज्ड’ म्हणजे धरलेलं. कोणी धरलं, ते वाक्यात येत नाही. आपल्याला हे नवीन नाही. हिब्रूत आपण ‘ऑटोबूस अमूर लेहगीआ’ म्हणतो, म्हणजे बस यायची आहे. हा ‘अमूर’ म्हणण्याच्या धातूपासून आला, शब्दशः ‘म्हटलेला’. कोणी म्हटलं, ते तिथेही नसतं. ज्याला ‘अमूर’ वापरता येतो, त्याला ‘सपोज्ड टू’ निम्मा आलाच.

बोलताना ‘ड’ नीट ऐकू येत नाही, ‘सपोस्टू’ असं काहीतरी कानावर पडतं. लिहिताना मात्र तो ‘ड’ गाळायचा नाही.

१. ठरलेली गोष्ट किंवा नियम

आय ॲम सपोज्ड टू वर्क ऑन संडे. — रविवारी मला कामावर जायचं आहे.
वी आर सपोज्ड टू साइन हिअर. — इथे सही करायची असते.

मराठीत ‘-यचं आहे’, ‘-यचं असतं’ म्हटलं की काम होतं. ‘शुड’ वापरला तर बोलणारा स्वतःचा सल्ला देतो. ‘हॅव टू’ म्हणजे सुटकाच नाही. ‘सपोज्ड टू’ मध्ये ठरवणारा कोणी तिसराच असतो, आणि ठरल्याप्रमाणे होईलच अशी खात्री नसते.

२. सौम्य मनाई

यू आर नॉट सपोज्ड टू पार्क हिअर. — इथे गाडी लावायची नसते.

शब्द मऊ असले तरी अर्थ बहुधा ‘असूर’ च्या जवळचा असतो. हसून सांगितलं म्हणून चालतं, असं समजू नका.

३. ‘म्हणे’

दॅट शॉप इज सपोज्ड टू बी चीप. — ते दुकान स्वस्त आहे म्हणे.

इथे ठरवण्याचा काही संबंध नाही, ही ऐकीव माहिती आहे. आपलं ‘म्हणे’ इथे इतकं चपखल बसतं की दुसरा शब्द शोधायला नको.

४. वैताग

व्हॉट ॲम आय सपोज्ड टू डू? — मग मी करू तरी काय?
व्हॉट इज दॅट सपोज्ड टू मीन? — म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?

दुसरं वाक्य भांडणाच्या सुरातलं आहे. कोणाला खरोखरच अर्थ विचारायचा असेल, तर ‘व्हॉट डझ इट मीन’ एवढंच विचारा.

५. भूतकाळ : इथे सांभाळा

ही वॉज सपोज्ड टू कम. — तो यायचा होता.

हे ऐकलं की आपण विचारतो, ‘मग? आला नाही?’ तसंच इंग्रजीत. ठरलं होतं एवढं कळतं. झालं की नाही ते वाक्य सांगत नाही, आणि बहुतेक वेळा झालेलं नसतं. हिब्रूतलं ‘हाया अमूर’ ही असंच.

हा फरक घरातही लागतो. माझ्या मावशीला सांभाळणारी बाई परदेशातून आलेली आहे. दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालतं आणि आमच्यासाठी ती फ्रिजवर चिठ्ठी लावते. समजा, चिठ्ठीत आहे : ‘शी वॉज सपोज्ड टू टेक द टॅब्लेट ॲट एट.’ अर्थ असा, की ८ वाजता गोळी घ्यायची होती. घेतली, असं त्यात कुठेही नाही. घेतली असती तर साधं ‘शी टुक द टॅब्लेट’ लिहिलं असतं. घेतली समजून गप्प बसलो तर गोळी चुकते. नाही घेतली समजून लगेच दिली तर कदाचित दोनदा जाते. अशा वेळी फोन करून एवढंच विचारायचं : ‘डिड शी टेक इट?’ म्हाताऱ्या माणसांची देखभाल दुसऱ्यावर सोपवलेल्या प्रत्येक घरात हे वाक्य पाठ असावं.

सरावासाठी

खालील वाक्यांचं मराठी करून बघा. प्रत्येकाला वरचा कोणता अर्थ लागतो तेही ओळखा.

इट इज सपोज्ड टू रेन टुमॉरो.
द नर्स वॉज सपोज्ड टू कॉल मी.
चिल्ड्रन आर नॉट सपोज्ड टू टच धिस.

पहिल्या वाक्याला ‘म्हणे’ लागतं. दुसऱ्यात नर्सचा फोन बहुधा आलेला नाही, तेव्हा आपणच लावावा. तिसऱ्यात मनाई आहे.