खाजगी अध्यापन व विद्वत्पत्रव्यवहार, इंग्लंडमधील (अठरावे शतक)

विद्यापीठांबाहेर, सरदारांच्या व जमीनदारांच्या घरी नेमलेल्या शिक्षकांकरवी चालणारे अध्यापन आणि विद्वानांचा परस्परांशी चालणारा पत्रव्यवहार या दोहोंवर अठराव्या शतकातील इंग्लंडचा ज्ञानव्यवहार मोठ्या प्रमाणावर अवलंबून होता. ऑक्सफर्ड व केंब्रिज ही दोनच विद्यापीठे त्या वेळी देशात होती व इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरील पंथीयांना त्यांची पदवी मिळत नसे. शिवाय तेथील अध्यापनही पुष्कळदा शिथिल असे. इतिहासकार एडवर्ड गिबन याने ऑक्सफर्ड येथील आपले चौदा महिने व्यर्थ गेल्याचे आत्मवृत्तात नमूद केले आहे. त्याचे खरे शिक्षण १७५३ नंतर लोझॅन येथे एका पाद्र्याच्या घरी झाले.

या परंपरेचे स्वरूप विल्यम जोन्स या एकाच नावाच्या पितापुत्रांच्या चरित्रांत चांगले दिसते. थोरला जोन्स (१६७५–१७४९) वेल्समधील अँगलसी बेटावर सामान्य कुटुंबात जन्मला. विद्यापीठाची पदवी नसता त्याने आरमारी जहाजावर व पुढे लंडनमध्ये गणित शिकविले. १७०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या गणितविषयक ग्रंथात वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तरासाठी π हे चिन्ह प्रथम आढळते. टॉमस पार्कर (पुढे मॅकल्सफील्डचा पहिला अर्ल) याच्या मुलाचा तो शिक्षक झाला आणि ऑक्सफर्डशरमधील शर्बर्न किल्ल्यात त्याचा दीर्घकाळ निवास होता. आश्रयदात्याच्या शिफारशीने मिळणाऱ्या, नाममात्र कामाच्या पगारी जागा हेच अशा शिक्षकाचे निर्वाहसाधन असे. त्याचा शिष्य जॉर्ज पार्कर पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला व १७५२ च्या पंचांगसुधारणेतील गणिती भाग मुख्यतः त्याने सांभाळला.

पत्रांचे मोल केवळ वैयक्तिक नव्हते. नियतकालिके थोडी असल्याने नवा सिद्धांत प्रथम पत्रातूनच पसरे आणि त्याची तारीख हा शोधाच्या श्रेयाचा पुरावा ठरे. जॉन कॉलिन्झ या सतराव्या शतकातील गणितज्ञाचे कागद जोन्सच्या हाती आले. त्यांत न्यूटनचे १६६९ मधील अप्रकाशित लेखन होते. जोन्सने ते १७११ मध्ये प्रसिद्ध केले. कलनशास्त्राचा जनक न्यूटन की लायप्निट्स, या वादासाठी रॉयल सोसायटीने १७१२ मध्ये नेमलेल्या समितीत जोन्स होता व तिच्या निर्णयास अशाच पत्रांचा आधार घेण्यात आला. मात्र सोसायटीचा अध्यक्ष स्वतः न्यूटनच असल्याने ही समिती निःपक्षपाती म्हणता येत नाही.

टपालखर्च कागदांच्या संख्येवर व अंतरावर ठरे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्यास द्यावा लागे. संसद-सदस्यांना ही हशील माफ असल्यामुळे सरदाराचा आश्रय विद्वानास या बाबतीतही उपयोगी पडे.

जोन्सच्या मृत्यूनंतर त्याचा ग्रंथसंग्रह मॅकल्सफील्ड घराण्याकडे गेला. संग्रहातील पत्रांचा काही भाग १८४१ मध्ये छापला गेला. परंतु मूळ कागदपत्रे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००० मध्ये विकत घेईपर्यंत खाजगी मालकीचीच राहिली. घराच्या दारांआड वाढलेली विद्या त्याच दारांआड अडकून पडली.

धाकटा जोन्स (१७४६–९४) पित्याच्या मृत्युसमयी तीन वर्षांचाही नव्हता. १७६५ मध्ये तो सात वर्षांच्या लॉर्ड ॲलथॉर्पचा शिक्षक झाला. स्पेन्सर घराण्यातील या नोकरीने फुरसत व ग्रंथ मिळाले, तरी पराधीनता त्यास मानवली नाही. १७७० मध्ये ती सोडून तो कायद्याकडे वळला. याच सुमारास हंगेरियन सरदार रेवित्स्की याच्याशी फार्सी कवी हाफिजविषयी त्याचा लॅटिन व फ्रेंचमध्ये पत्रव्यवहार चालू होता. १७८३ मध्ये न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास आल्यावर त्याने १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापिली व १७८६ च्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे समान मूळ सुचविले. तेथूनही तो आपल्या शिष्यास लिहीत असे. पुढे दुसरा अर्ल स्पेन्सर झालेल्या या शिष्याने रेवित्स्कीचा ग्रंथसंग्रह विकत घेतला. स्पेन्सर ग्रंथालय १८९२ मध्ये मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयासाठी खरेदी करण्यात आले व १९०० पासून ते वाचकांना खुले झाले.