तगाई ते बँक खाते

लॅमिंग्टन रोड म्हटले की मराठी माणसाला मुंबईतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आठवतात. त्याच नावाचा रस्ता हुबळीतही आहे. 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. हुबळीचा धारवाड जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. शेतसारा, मोजणी, तगाई हे सगळे पुणे-साताऱ्याकडे चाले तसेच इथेही चाले.

1898 मध्ये हुबळीत प्लेग थैमान घालत होता. हाफकिन यांची लस टोचण्याचे काम डॉ. ल्यूमन यांनी हाती घेतले आणि पन्नास हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात सुमारे 38 हजार लोक टोचून घ्यायला पुढे आले. आदल्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तावरून पुण्यात रँडचा खून झाला होता, हे लक्षात घेतले तर हुबळीकरांनी दाखवलेला विश्वास थक्क करणारा आहे.

साथीत लस मिळाली; अडचणीतल्या शेतकऱ्यासाठी मात्र सरकारकडे कर्जच होते. 1884 च्या कायद्याने अडचणीत सापडलेल्या जमीनधारकाला बियाणे आणि बैल घेण्यासाठी तगाई मिळे. ती फेडावी लागे; थकली तर सारा थकल्यासारखी वसुली होई. नाव दप्तरात नसलेल्या मजुराला दुष्काळात खडी फोडण्याचे काम, एवढाच आधार.

2020 मध्ये चित्र पालटले. कोरोनाची टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्चला, उगादी होती. सणाची, मग जत्रांची आणि लग्नसराईची मागणी बुडाली. तोडणीला आलेली फुले शेतातच सुकली. 6 मे रोजी कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी 1,610 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात फुलशेतीला हेक्टरी 25 हजार रुपये होते, तेही जास्तीत जास्त एका हेक्टरसाठी. परीट आणि नाभिकांना प्रत्येकी 5 हजार. त्यानंतर काही दिवसांतच मक्याचा नंबर लागला. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो या अफवेने पोल्ट्रीचा धंदा बसला होता आणि खाद्यासाठी जाणाऱ्या मक्याचा भावही त्याबरोबर कोसळला. हमीभाव क्विंटलला 1,760 रुपये होता, पण बाजारात तेवढे कोणी देत नव्हते. सरकारने 10 लाख मका उत्पादकांना प्रत्येकी 5 हजार देण्याचे ठरवले. ही रक्कम परत करायची नव्हती. सव्वाशे वर्षांतला हा बदल मोठा आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा.

पैसे कोणाला द्यायचे हे ठरले ते मात्र जुन्याच पद्धतीने, कागदावरच्या नावावरून. कर्नाटकातली पहणी म्हणजे आपला सातबाराच: सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे, खातेदार, पीक. ‘भूमी’ प्रकल्पात हे उतारे संगणकावर आले, त्यामुळे रक्कम थेट खात्यात टाकता आली. ज्याचे नाव उताऱ्यावर, पैसे त्याच्या खात्यात. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा अर्धेलीने कसणारा तिथे सापडत नाही, कारण 1 मार्च 1974 पासून कर्नाटकात कुळवहिवाट जवळपास बंद आहे आणि खंडाचे व्यवहार तोंडीच होतात. कुळांना मालकी मिळवून देणारा तो कायदा नक्कीच मोलाचा होता. पण नंतर खंडाने शेती करू लागलेल्यांचे बियाणे-खत स्वतःचे, तोटाही स्वतःचा, आणि मदतीचा हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिती झाली. हा अन्याय आहे.

मे 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत 1,250 कोटींचे पॅकेज आले. त्यात फुलांचा दर हेक्टरी 10 हजारांवर आला, फळे-भाजीपाल्यालाही तोच.