‘नाही’चे कारण

मी स्मरणिकेसाठी पाककृती देणार होते, पण चिटणीसबाईंनी “गिरणगावच्या जुन्या गोष्टी लिहा” असा आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा सांभाळून घ्यावे.

माझ्या सासूबाई लालबागच्या चाळीत खानावळ चालवीत. एका खोलीत पंधरा गिरणी कामगार पाळीपाळीने जेवून जात. पैसे मिळत ते पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, आणि उधारीचा माल नेहमीच महाग! एकदा भांडवलासाठी त्या बँकेत गेल्या. समोरच्या गृहस्थांनी मान वर न करताच “नाही” म्हटले. का नाही, ते त्यांनी सांगितले नाही आणि सासूबाईंना विचारायचे सुचले नाही. शेवटी मंगळसूत्र गहाण पडले.

१९६९ च्या जुलैत १४ बँका सरकारच्या झाल्या. गरिबाला कर्ज मिळणार असा गाजावाजा झाला. पण तारण काय आणि जामीन कोण, इथेच खानावळवालीचे घोडे अडे. प्रेमाताई पुरव यांनी हीच गाठ ओळखली. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. तारण नाही ना, मग बायकाच एकमेकींना जामीन राहतील! पहिल्या खेपेस चौदाजणींना बँकेचे कर्ज मिळाले. नकाराचे कारण कळले म्हणून तोड निघाली. आमच्या सासूबाईंना कारणच कळले नव्हते.

पुढे २००३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, दोन लाखांपर्यंतचे कर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे. २००७ पासून सर्वच कर्जांना हे लागू झाले. शिवाय २००५ च्या कायद्याने आपल्या कर्जफेडीची जी नोंद ठेवली जाते तिची प्रत मागता येते, चूक असल्यास दुरुस्त करून घेता येते.

हे मला ठाऊक नव्हते. शिलाई यंत्रासाठीचा माझा अर्ज नामंजूर झाला तेव्हा मी दोन दिवस नुसती रडले. मग मुलीने लेखी कारण मागविले. ‘जुनी थकबाकी’ असे उत्तर आले. नोंद मागवून पाहते तो काय, मिक्सरचे फिटलेले कर्ज अजून बाकीच दाखविलेले! सुदैवाने पावत्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या जोडून तक्रार केली, नोंद सुधारली आणि दुसऱ्या अर्जावर कर्ज मंजूर झाले.

सासूबाईंनी ते नकाराचे पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. “आम्हांला तोंडीसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं गं,” म्हणाल्या, आणि ताटे घ्यायला उठल्या.