महात्मा फुले जनआरोग्य योजना : विमा कंपनी आणि रुग्णालयांवर लक्ष कोण ठेवतं?

योजनेत उपचार मोफत असतात, म्हणजे रुग्णाला बिल येत नाही. पण बिल तयार होतंच आणि ते सरकारी तिजोरीतून भरलं जातं. त्यामुळे हा व्यवहार कसा चालतो, हे माहीत असायला हवं.

योजना कधीपासून?
२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. यवतमाळ हा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. त्यामुळे इथल्या शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांनाही आधीपासून लाभ होता. २०२४ मध्ये योजनेची व्याप्ती राज्यातल्या सर्व कुटुंबांपर्यंत वाढली आणि वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपये झालं.

करार कोणाचा कोणाशी?
राज्य सरकारच्या वतीने राज्य आरोग्य हमी सोसायटी योजना चालवते. एप्रिल २०२० पासून मिश्र पद्धत आली : दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनी उचलणार, त्यापुढचा सोसायटी. विमा कंपनीला दर कुटुंबामागे हप्ता मिळतो. दावे तपासण्याचं काम टीपीए, म्हणजे मध्यस्थ संस्था करतात. उपचार देणाऱ्या रुग्णालयांना ‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणतात. त्यांच्याशी वेगळा करार होतो.

देखरेख का लागते?
हप्ता आधीच मिळालेला असल्याने दावे कमी मंजूर झाले, तर विमा कंपनीचा फायदा. उपचार जास्त दाखवले, तर रुग्णालयाचा फायदा. या दोघांच्या ओढाताणीत रुग्ण भरडला जाऊ शकतो. म्हणूनच ठरवून दिलेल्या उपचारांसाठी पूर्वपरवानगी आणि ठरलेले दर ही पद्धत आहे. अटी मोडणाऱ्या रुग्णालयाला दंड होऊ शकतो किंवा त्याला योजनेतून काढता येतं.

कागदावरची देखरेख पुरते का?
केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेवरचा कॅगचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. देशभरातल्या सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नोंदी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेल्या आढळल्या. नोंदीत आधीच मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावे पुन्हा उपचारांचे पैसे दिल्याचंही त्यात नमूद आहे. म्हणजे यंत्रणा असली तरी नोंदी कोणीतरी पडताळून पाहाव्या लागतात.

पैसे मागितले तर काय करायचं?
- योजनेत बसणाऱ्या उपचाराच्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं आणि जेवण येतं. त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत.
- रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. उपचार योजनेत बसतो का आणि पूर्वपरवानगी आली का, हे विचारा.
- पैसे भरावे लागलेच, तर पावती घ्या. पावतीशिवाय तक्रार टिकणं कठीण जातं.
- १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हा पातळीवरही तक्रार निवारण समिती असते.

योजना राज्यभर चालते. त्यामुळे पुसद किंवा वणीचा रुग्ण नागपूर, वर्ध्याच्या अंगीकृत रुग्णालयातही उपचार घेऊ शकतो. तिथेही हेच नियम लागू होतात.