कौल, करार आणि याग

पनवेलच्या खाडीच्या मुखाशी, आज कचेऱ्यांच्या उंच इमारतींनी वेढलेल्या भूमीवर, बेलापूरच्या किल्ल्याचे पडके अवशेष अजून उभे आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्तांचे हात या किल्ल्याला लागले. परंतु त्याचे नाव, लोकांच्या आख्यायिकेप्रमाणे, कोणत्याही सत्तेच्या फर्मानातून नव्हे, तर एका नवसातून आले. किल्ला फत्ते झाला तर जवळच्या अमृतेश्वरास बेलाच्या पानांची माळ वाहीन, असे चिमाजी अप्पांनी बोलून ठेवले आणि पोर्तुगीजांकडून किल्ला हस्तगत होताच तो नवस फेडला, म्हणून हे बेलापूर, अशी ती कथा. नवसाची रीत आपल्याकडे लहान पोरासही ठाऊक असते: देवाने आधी द्यावे, माणसाने मागाहून फेडावे, आणि काम न झाल्यास देणेही उरू नये. याच परिसरात, वाशी-नेरुळच्या वसाहतींतील ख्रिस्ती कुटुंबे दर रविवारी ज्या व्यवहाराचे स्मरण करतात, त्याचा क्रम मात्र नेमका उलटा आहे. आणि तो उलटा क्रम मराठीत सांगण्यासाठी आमच्या भाषेला कचेरीचे दप्तर आणि यज्ञमंडप अशा दोन परस्परांना अपरिचित ठिकाणांहून शब्द आणावे लागले.

त्यांतला पहिला शब्द ‘करार’. मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आमच्या दप्तरात शिरलेला हा शब्द. त्याचा धात्वर्थ ठरणे, स्थिरावणे, आणि तो अर्थ आपण ‘करारी बाण्याचा मनुष्य’ म्हणतो तेव्हा अजूनही जिवंत असतो. परंतु व्यवहारात करार म्हटला की दोन बाजू, दोन सह्या आणि मोडल्यास दंड, एवढेच डोळ्यांपुढे येते. त्याहून जुना आणि या प्रसंगी अधिक उपयोगी असा शब्द म्हणजे ‘कौल’. दुष्काळाने वा स्वारीने गाव ओस पडले, म्हणजे परागंदा रयतेला परत बोलावून लावणीस लावण्यासाठी सरकार अभयाचा कौल देई, आणि तो पदरात पडल्यावर रयत आपली कबुलायत लिहून देई. आश्वासन वरून खाली येई आणि कबुली खालून वर जाई. इब्री लोकांचा देवाशी झालेला करार याच जातीचा होता.

या किनाऱ्याला तो करार ग्रंथातून कळण्यापूर्वी आचारातून कळला होता. कोकणच्या गावोगावी घाणा चालवणारे बेने इस्रायल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुलाची आठव्या दिवशी सुंता करून ते अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण देहावर वागवीत. पनवेलला त्यांचे १८४९ सालचे ‘बेथ एल’ सभास्थान आहे. यरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झाल्यापासून यहुद्यांचे पशुयज्ञ थांबले. येथल्या बेने इस्रायलांनी एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने जे तबक मांडले, त्यात भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ आणि फळे असतात, आणि त्याला ते ‘मलिदा’ म्हणतात. रक्ताची जागा पोह्यांनी घेतली, परंतु काहीतरी अर्पण केल्यावाचून कराराचे स्मरण पुरे होत नाही, ही जाणीव टिकली.

मूळ कथेत ही जाणीव मोठ्या उग्र रूपाने येते. इब्री भाषेत करार लिहीत नाहीत, तो ‘कापतात’. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राम कालवड, शेळी आणि मेंढा, प्रत्येक तीन वर्षांचे, मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो आणि त्यांवर झडप घालणाऱ्या पक्ष्यांना हाकलीत बसतो. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालत जावे, म्हणजे वचन मोडणाऱ्याची गत या पशूंसारखी होवो असे ते जणू बोलून दाखवीत. परंतु सूर्यास्ताला अब्रामास गाढ झोप लागते, आणि अंधारात धुमसती भट्टी व जळती मशाल तेवढी त्या वाटेने जाते. माणूस जात नाही. वचन मोडल्याचा दंडही वचन देणाऱ्यानेच आपल्या शिरावर घेतला, असा या दृश्याचा अर्थ पुष्कळ ख्रिस्ती भाष्यकार करतात, आणि वधस्तंभावर तो दंड प्रत्यक्ष भरला गेला, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. तुकड्यांमधून एकटा चालणारा आणि पुढे स्वतः चिरला जाणारा, दोघे एकच.

हे मराठी श्रोत्यांस सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न गोव्यात झाला. १५७९ साली तेथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूर येथे छापून घेतलेल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त जुन्या व नव्या कराराच्या कथांना ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ म्हटले. श्रोत्यांच्या कानाला पुराण गोड लागे. पण त्या नावात कथा आली, कौल आला नाही. दोन शतकांनी, १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली मराठीत नवा करार छापून पुरा केला, आणि ‘जुना करार’, ‘नवा करार’ ही नावे पुढे इतकी रुळली की, त्यांतला कचेरीचा वास कोणास जाणवेनासा झाला. कॅथलिकांकडे वेदीवरच्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला पोर्तुगीजांपासून ‘मिस्सा’ हे नाव चालत आले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वेदीवर लॅटिनऐवजी लोकभाषा आली, आणि त्याच विधीला मराठीत ‘ख्रिस्तयाग’ म्हणू लागले. वेदकालीन याग आणि दिवाणी करार, ख्रिस्ताच्या रक्तातला नवा करार म्हणून उचलल्या जाणाऱ्या एकाच प्याल्याभोवती असे जमले, आणि एकमेकांना दुरुस्त करीत गेले: यागामुळे करार सौद्याच्या पातळीवरून वर उठला, आणि करारामुळे याग कोपलेल्या दैवताला दिलेली लाच ठरण्यापासून वाचला.

बेलापूरच्या या भूमीला हे शब्द केवळ धर्मशास्त्रातले नाहीत. १७ मार्च १९७० रोजी शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन मुक्रर झाली. तिचा मोबदला मागताना जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडांची तरतूद त्यानंतर आली. कागदावरचा शब्द खरा व्हावा म्हणून रक्त कोणाचे सांडते, हा प्रश्न येथल्या जुन्या कुळांना ग्रंथातून शिकावा लागला नाही. मात्र कागद करणाराने स्वतःच रक्त द्यावे, ही गोष्ट जगाच्या कोणत्याच दप्तरात सापडत नाही. ती त्या प्याल्यापाशीच ऐकू येते.

चिमाजी अप्पांची माळ किल्ला पडल्यावर वाहिली गेली. वेदीवरची भाकर मात्र कोणताही किल्ला सर होण्याआधीच मोडलेली असते. ती तळहातावर घेणाऱ्याने काही फेडावयाचे नसते, आपली कबुलायत तेवढी लिहून द्यावयाची असते, आणि ती लिहिण्यास आयुष्य लागते.