हलकी रायफल आणि छत्तीसगडचे रान

हरणामागे जाणाऱ्याची बंदूक चालते एक क्षण आणि खांद्यावर राहते दिवसभर. रायपूरहून धमतरी, सिहावाकडे निघाले की सालाचे आणि बांबूचे रान लागते. तिथे शंभर पावलांपलीकडचे जनावर दिसणे हाच योग. भेकर विशेक किलोचे, चितळाचा नर ऐंशीच्या आसपास, सांबराचा मोठा नर मात्र अडीचशे किलोंच्या पुढे. एवढ्याशा पल्ल्यासाठी लांब नळीची, पाच-सहा किलो वजनाची बंदूक बांबूच्या बेटांतून ओढत नेणे म्हणजे हौसेने घेतलेली हमाली. आखूड, हलकी, चटकन खांद्याला लागणारी रायफल हीच या रानाला योग्य. ही गोष्ट इथल्या कुठल्याही हाकेवाल्याने सांगितली असती. तरीही पाऊणशे-शंभर वर्षे अशी रायफल इथल्या फार थोड्या हातांत आली. त्याची कारणे रानात कमी आणि रसायनशाळेत, कचेरीत, कायद्याच्या पुस्तकात जास्त सापडतात.

रायपूरचा तात्यापारा या गोष्टीकडे पाहायला सोयीचा आहे. या नावातला ‘तात्या’ मराठी आणि ‘पारा’ इथला, वस्ती या अर्थाचा. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांबरोबर रतनपुरावर आली. पुढे १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार केला, त्यांच्यामागे सुभेदार आले. १८१८ नंतर इंग्रजी देखरेख सुरू झाली आणि कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपूरला हलवले. या सगळ्या उलाढालीत मराठी कारकून, शिलेदार, भिक्षुक इकडे आले आणि राहिले. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांतून वकील निघाले, शिक्षक निघाले, काही मालगुजार झाले. ज्या काळाबद्दल लिहायचे आहे त्या काळात यांच्यापैकी ज्याला बंदूक हवी असे, त्याला रान नंतर लागे, आधी कचेरी लागे.

पण सुरुवात वजनापासूनच करू. १८६२ च्या प्रारंभी पचमढीच्या पठारावर चढलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ मध्यप्रांताच्या रानाचा पहिला मोठा लेखक. त्याचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. ते आजही पुनर्मुद्रित होते. त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, ते आता फारसे कोणी वाचत नाही. त्यात त्याने बाजू घेतली आहे ती मोठ्या बोअरच्या, गोल गोळीच्या, भरपूर दारूच्या रायफलीची. बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या निघतील तो आकडा. बारा बोअरची गोळी म्हणजे एक द्वादशांश पौंड, सुमारे अडतीस ग्रॅम शिसे. काळ्या दारूच्या जमान्यात गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नसे, म्हणून मार वाढवायचा तर शिसे वाढवायचे. शिसे वाढले की दारू वाढली, दारू वाढली की धक्का वाढला. तो धक्का खांद्याने सोसावा म्हणून बंदूक जड करायची. फोर्सिथला जड बंदूक आवडत होती असे नव्हे, त्याच्या काळाच्या गणितात दुसरे उत्तरच बसत नव्हते. साहेबाबरोबर बंदूक उचलायला एक माणूस चाले आणि दुसरी भरलेली बंदूक घेऊन दुसरा. त्या माणसांच्या खांद्यांचा हिशेब पुस्तकात येत नाही.

याच फोर्सिथने आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे, ते पुढे लागेल. पचमढीखालच्या देनवा नदीच्या खोऱ्यात, सालाच्या मुख्य रानापासून कितीतरी पश्चिमेला, सालाचा एक एकटा तुकडा होता. आणि सालाबरोबर पूर्वेकडचे बारशिंगेही तिथे होते.

१८८० नंतरच्या दशकात बिनधुराची दारू आली आणि गणित उलटले. फ्रेंचांनी १८८६ मध्ये ती सैन्यात आणली, दोन-चार वर्षांत सारे युरोप त्यामागे धावले. मार्टिनी-हेन्रीची गोळी सेकंदाला चारशे मीटरांच्या आसपास जाई, नव्या लहान बोअरच्या रायफली सातशेपर्यंत पोचल्या. गोळी बोटाएवढी होती ती पेन्सिलीएवढी झाली, धक्का निम्म्यावर आला आणि बंदुकीला जड राहण्याचे कारण उरले नाही. अमेरिकेत विंचेस्टरची १८९४ ची आखूड कार्बाइन हरणाची रायफल म्हणून घराघरांत गेली. ऑस्ट्रियात ग्रीक सैन्यासाठी बनलेल्या १९०३ च्या मानलिखर-शोनाउअरला शिकारी रूप मिळाले. अठरा इंची नळी, नळीच्या तोंडापर्यंत लाकूड, चपटा बोल्ट, पोटात फिरते मॅगझिन आणि साडेसहा मिलिमीटरची लांबलचक, दहा ग्रॅमची गोळी. सगळी मिळून तीन-सव्वातीन किलो. आखूड नळीला तोटे आहेतच. आवाज कानठळ्या बसवतो, थोडा वेग जातो, दम लागलेल्या माणसाच्या हातात हलकी नळी डोलते. पण बांबूत वळवायला आणि चढावर न्यायला तिच्यासारखी दुसरी नाही.

हलक्या रायफलीचे मोल सांगणारा सर्वांत नाट्यमय प्रसंग मात्र हरणाचा नाही. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने रिग्बीची .२७५ भेट दिली. १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीला तो कुमाऊँच्या एका नाल्यात सामोरा गेला तेव्हा त्याच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. वाघीण काही फुटांवर बसलेली. त्याने उजव्या हातानेच रायफल इंचाइंचाने वळवत आणली आणि चाप ओढला. पाच किलोची दुनळी असती तर ती गोष्ट लिहायला तो उरला नसता. शौर्याच्या कथेत असे वजनाचे तपशील कोणी लक्षात ठेवत नाही. मला त्या कथेत सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो तोच.

आता कचेरीकडे. १८७८ चा शस्त्रकायदा लिटनच्या कारकिर्दीतला. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना परवान्यातून सूट, काही संस्थानिक आणि पदवीधर सरदारांना सूट, बाकी सर्वांना परवाना. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव झाले. त्यांत अपमानाची जाणीव होती, तशीच एक साधी तक्रारही होती: रानडुक्कर आणि हरणे शेत खातात, वाघ गुरे नेतो, आणि शेतकऱ्याच्या हातात काठी. वांशिक सूट निघाली ती १९२० च्या आसपास नियम बदलल्यावर. तोवर रायपुरातल्या मराठी वकिलाला जी बंदूक अर्ज, शिफारस, चौकशी या वाटेने मिळे, ती त्याच कचेरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला दुकानातून मिळे. माधवराव सप्र्यांनी वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्याबरोबर ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते १९०० मध्ये. १९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’तल्या लेखनासाठी सप्र्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्या वर्षांत मराठी नावाच्या सुशिक्षिताने बंदुकीचा अर्ज करणे म्हणजे काय असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

परवाना मिळाला तरी माप सरकार ठरवी. लष्कराच्या रायफलीत बसेल असे काडतूस लोकांच्या हाती नको, म्हणून .४५० बोअरवर १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आयातबंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७० अशी शेजारची मापे काढली. हॉलंडने तर आपल्या मापाला ‘इंडिया’चेच नाव दिले. .३०३ हे इंग्रजी सैन्याचे माप, तेही सामान्यांना बंद. मग बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी तीच ली पद्धतीची रायफल ऑस्ट्रियन सैन्याच्या जुन्या आठ मिलिमीटर काडतुसासाठी बनवली. त्या काडतुसाचे इकडचे नाव .३१५. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ही .३१५ चालू ठेवली. पाच गोळ्यांचे मॅगझिन, साडेतीन किलोंच्या आसपास वजन. आज उत्तर आणि मध्य भारतात परवान्यावर जी रायफल सर्वाधिक दिसते ती हीच. हरणाच्या शिकारीसाठी तिची निवड कोणी केली? खरे पाहता कोणीच नाही. एका साम्राज्याने आपले काडतूस लपवले, दुसऱ्याचे टाकून दिलेले तिथे बसले, आणि तीन पिढ्या ‘आपली तीनशेपंधरा’ म्हणू लागल्या.

आणि तरी रायफल ही थोड्यांचीच. मालगुजाराच्या घरी भिंतीवर असे ती बाराबोअर दुनळी. एका नळीत छर्रे, दुसरीत गोळी. तितरापासून सांबरापर्यंत सगळे तिच्यावर. पन्नास-साठ पावलांत ती कुठल्याही रायफलीला हार जात नाही, त्यापुढे तिच्यावर भरवसा ठेवू नये. तिच्याही खाली, रानातल्या गावांत, तोंडाकडून दारू ठासायची बंदूक. महाराष्ट्रात तिला ठासणीची म्हणतात, रायपूरकडचा माणूस ‘भरमार’ म्हणतो, आणि इकडच्या मराठी घरांतही तोच शब्द चालतो. गावच्या लोहाराने जमवलेली नळी, कामचलाऊ दस्ता. आखूड आणि हलकी म्हणून या रानात खरोखर जी बंदूक वावरली ती मानलिखर नव्हे, भरमार. तिचा इतिहास मात्र बंदुकांच्या पुस्तकांत नसतो, पोलिसांच्या जप्तीच्या यादीत असतो.

हलक्या बंदुकीवर एक गंभीर आक्षेप पहिल्यापासून आहे. लहान गोळीने भेकर जागीच पडते, सांबर पडत नाही. पोटात लागलेली गोळी घेऊन ते मैलभर जाते आणि दुसऱ्या दिवशी गिधाडांना सापडते. मध्यप्रांताच्या जंगलखात्यात वीसहून अधिक वर्षे काढलेला डनबार ब्रँडर शिकारीही होता आणि जनावरांचा बारकाईने अभ्यास करणाराही. त्याचे १९२३ चे पुस्तक वाचताना जाणवते की त्याला बंदुकीपेक्षा जनावराचे वागणे अधिक खुणावते. १९०० मध्ये तो बंजर नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या कान्हात, पहिल्यांदा आला. एका संध्याकाळच्या फेरफटक्यात अकरा जातींची मिळून दीड हजार जनावरे पाहिल्याचे त्याने नोंदवले आहे. कठीण जमिनीवर राहणाऱ्या मध्य भारतीय बारशिंग्याच्या शास्त्रीय नावात ‘ब्रँडेरी’ आहे ते त्याच्यावरून. नावात तो राहिला, खोरे मात्र तसे राहिले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर वजनाचा प्रश्नच मिटला, कारण बंदूक आता जीपमध्ये बसली. लष्कराच्या विकाऊ जीपा, जोरदार दिवे, आणि रात्री उजेडात थिजून उभे राहिलेले डोळे. पायी माग काढणे, वारा पाहणे, हाका, मचाण हे सारे ज्यामुळे शिकारीला शिकार म्हणत, ते एका झटक्यात अनावश्यक झाले. कोरियाचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर, बहुधा एकाच विणीचे भाऊ. भारतातले शेवटचे खात्रीने नोंदलेले चित्ते म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद आणि छायाचित्र आले. दोष एकट्या त्या राजावर ढकलणे सोपे आहे. तो उजेड तेव्हा अनेकांच्या हातात होता.

मालगुजारी गेली, संस्थाने गेली, शिकार गेली नाही. रविशंकर शुक्लांचे चिरंजीव विद्याचरण शुक्ल १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. त्याआधी ते अ‍ॅलविन कूपर नावाची कंपनी चालवत. मध्य भारताच्या रानांत मोठ्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सफरी घडवणे हा तिचा धंदा. परदेशी पाहुणा डॉलर आणि आपली उत्तम रायफल घेऊन येई. दुसऱ्या टोकाला ‘पीकसंरक्षणा’चे परवाने उदारपणे वाटले गेले. शेतकऱ्याची गरज खरी होती, हे लिटनच्या काळापासूनचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पण पीकसंरक्षणाची बंदूक शेताच्या बांधावर थांबत नाही, आणि चितळाचे मटण बाजारात विकले जाते. हक्क उशिरा मिळाला तेव्हा त्याचे ओझे रानावर पडले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक दुसरीला खोडत नाही.

जॉर्ज शॅलर १९६३ ते १९६५ कान्हात राहिला आणि हरणांची मोजदाद करत राहिला. १९६७ मध्ये त्याचा ग्रंथ आला. १९७० च्या गणतीत कान्हाचे बारशिंगे उरले ६६. त्याला केवळ बंदूक जबाबदार नव्हती. गवताळ मैदाने चरून आणि जळून गेली होती, रोगही होते. पण कळप एवढा लहान झाल्यावर प्रत्येक गोळीचा हिशेब वेगळा होतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि हरणासाठी कुठली रायफल घ्यावी हा प्रश्न या देशात कायद्याने संपला.

रायफली संपल्या नाहीत. .३१५ आणि बाराबोअर वारसाहक्काने मुलांच्या नावावर होतात, परवान्याचे नूतनीकरण होते, निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा करायच्या आणि नंतर परत आणायच्या. कित्येकींच्या नशिबात आता एवढाच प्रवास.

कान्हाचे बारशिंगे कुंपणाच्या आत, वाघ-बिबट्यापासून दूर ठेवून वाढवले गेले आणि शेकड्यांत गेले. २०१५ पासून त्यांतले काही सातपुड्याच्या व्याघ्रप्रकल्पात, बोरीला नेऊन सोडले. फोर्सिथने ज्या देनवेच्या खोऱ्यात त्यांना पाहिले होते त्याच डोंगरांत. पकडण्याची पद्धत आफ्रिकेतून आलेली: रानात हिरव्या कापडाची फनेलासारखी निमुळती भिंत उभी करायची, रुंद तोंडाकडून जनावरे हळूहळू आत हाकायची आणि टोकाला ट्रक लावून ठेवायचा. हाका तोच, माणसांची ओळ तीच. मचाणाच्या जागी ट्रक आहे आणि बंदूक कोणाच्याच खांद्यावर नाही.