प्लॅटिनेरीस दुमेरिली : एका सागरी कृमीच्या नामकरणाचा इतिहास

(१)

प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले म्हणजे तो ओळखला गेला, अशी सर्वसाधारण समजूत असते. लिनीअसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राणिसृष्टीला द्विपद नामपद्धती सर्वत्र लावली, तेव्हापासून ही समजूत अधिकच दृढ झाली. परंतु नावांचा इतिहास बारकाईने पाहू लागले असता असे दिसते की, नाव ही ओळखीची सांगता नसून बहुतेक वेळा ती एक प्रतिज्ञा असते. अमुक लक्षणांचे प्राणी एकाच वंशाचे आहेत, असे नाव देणारा गृहीत धरतो. ते गृहीत पुढे टिकते किंवा कोसळते. प्लॅटिनेरीस दुमेरिली या लहानशा सागरी कृमीचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याच्या बाबतीत एकाच प्राण्याला दोन नावे मिळण्याचा आणि दोन प्राण्यांना एकच नाव मिळण्याचा, असे दोन्ही परस्परविरुद्ध प्रमाद घडले. आणि दोहोंचे निराकरण व्हावयास सव्वाशेपर्यंत वर्षे लागली.

(२)

प्रथम या प्राण्याचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. वलयी प्राण्यांच्या संघातील पॉलिकीटा या वर्गात त्याची गणना होते. या वर्गनामाचा ग्रीक अर्थ 'पुष्कळ केस असलेले' असा आहे. शरीराच्या दोन्ही बाजूंस असणाऱ्या दृढरोमांच्या जुडग्यांवरून ते पडले. प्रौढ प्राणी काही सेंटिमीटर लांबीचा असून त्याचे शरीर सत्तर-पंचाहत्तर खंडांचे बनलेले असते. डोक्यावर दोन शृंगिका, दोन जाड स्पर्शांगे आणि चौकोनात मांडल्याप्रमाणे चार डोळे असतात. डोक्याच्या मागील भागापासून लांब संस्पर्शकांच्या चार जोड्या निघतात. ग्रसनी बाहेर उलटविता येते व तिच्या टोकाशी बाकदार जबड्यांची एक जोडी असते. ग्रसनीवर अतिसूक्ष्म दंतकांच्या फणीसारख्या दाट ओळी असतात. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ किनबेर्ग याने १८६५ साली स्थापिलेल्या प्लॅटिनेरीस या प्रजातीचे हेच प्रमुख लक्षण मानले जाते.

प्रत्येक खंडाला पार्श्वपादांची एक जोडी असते. पार्श्वपाद दोन शाखांचा असून प्रत्येक शाखेत दृढरोमांचा झुबका आणि त्याला आधार देणारी काळसर शलाका असते. पार्श्वपादातील ग्रंथींतून निघणाऱ्या चिकट तंतूंनी हा प्राणी स्वतःसाठी नळी विणतो व आयुष्याचा बहुतेक काळ तिच्यात घालवितो. रक्ताभिसरण बंदिस्त नलिकांतून होते. पाठीकडील वाहिनीतील लाल रक्ताचे स्पंदन जिवंत प्राण्यात बाहेरूनही दिसते. नवे खंड शरीराच्या मागील टोकाजवळील वृद्धिक्षेत्रातून निर्माण होतात.

उथळ समुद्रातील शैवालांनी आच्छादिलेले खडक व सागरी तृणांची कुरणे हे याचे निवासस्थान होय. भूमध्य समुद्र आणि युरोपचा अटलांटिक किनारा येथे तो विपुल आढळतो. शैवाल हे त्याचे मुख्य अन्न आणि तेच त्याचे आश्रयस्थानही होय.

(३)

या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ओदुआँ व मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८३३ साली केले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील वलयी प्राण्यांचे वर्गीकरण करीत असताना ला रोशेल येथील नमुन्यांवरून त्यांनी नेरीस दुमेरिली हे नाव योजिले. 'नेरीस' ही ग्रीक पुराणातील सागरदेव नेरेऊस याची कन्या. लिनीअसने हे नाव या कृमींच्या प्रजातीला आधीच दिले होते. जातिनाम दुमेरील या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून घेतलेले आहे.

दहा वर्षांनी, १८४३ मध्ये, डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ए. एस. ओर्स्टेड याने हेटरोनेरीस नावाची नवी प्रजाती स्थापिली. 'हेटरोस' म्हणजे 'दुसरा' किंवा 'निराळा'. हे कृमी नेरीससारखेच होते, परंतु त्यांचे डोळे फार मोठे होते आणि शरीराचे दोन स्पष्ट भाग पडत होते. पुढचा भाग नेरीसचा असावा तसा. मागच्या भागातील पार्श्वपाद मात्र पाळीदार, रुंद, आणि त्यांतील दृढरोम वल्ह्यांसारखे चपटे. नेरीस तळाशी नळीत राहतो. हेटरोनेरीस पाण्याच्या पृष्ठभागी पोहताना सापडतो. रूप निराळे, निवास निराळा, वागणूकही निराळी; तेव्हा ओर्स्टेडने त्यास निराळे नाव द्यावे, यात त्या काळच्या पद्धतीनुसार काहीच गैर नव्हते.

परंतु हेटरोनेरीसची पिले कोणी पाहिली नव्हती, आणि त्याचे नमुने सदैव अंडी वा शुक्राणू यांनी भरलेलेच सापडत. ही विसंगती इ. स. १८६० नंतरच्या दशकात उलगडली. फिनलंडचा माल्मग्रेन आणि जर्मनीचा एर्न्स्ट एलर्स यांच्या संशोधनाने हे सिद्ध झाले की, हेटरोनेरीस ही स्वतंत्र प्रजाती नसून नेरीसचेच प्रजननकालीन रूप आहे. नळीत राहणारा कृमी परिपक्व होताना रूपांतर पावतो. त्याचे डोळे वाढतात, स्नायूंची पुनर्रचना होते, पचनमार्ग निकामी होऊन अन्नग्रहण थांबते, आणि तो नळी सोडून पृष्ठभागाकडे येतो. तेथे नर व मादी एकमेकांभोवती वेगाने फिरतात, पाण्यात अंडी व शुक्राणू सोडतात आणि त्यानंतर लवकरच मरतात. प्रजनन आयुष्यात एकदाच होते.

या दोन अवस्थांसाठी एलर्सने 'एपिटोक' व 'अटोक' या संज्ञा रूढ केल्या. दोहोंच्या मुळाशी ग्रीक 'तोकोस', म्हणजे प्रसव किंवा अपत्य, हा शब्द आहे. 'एपिटोक' म्हणजे प्रसवास आलेला आणि 'अटोक' म्हणजे अपत्यहीन. अशा रीतीने ओर्स्टेडचे नाव प्रजातीच्या यादीतून वगळले गेले, व पुढे केवळ एका अवस्थेचे वर्णनात्मक नाव म्हणून उरले.

(४)

पहिला प्रमाद दूर झाला तोच दुसऱ्याची बीजे पडली. जिनीव्हाचा एदुआर क्लापारेद हा नेपल्सच्या आखातातील पॉलिकीट कृमींचा अभ्यास करीत होता. त्याचा ग्रंथ १८६८ ते १८७० या काळात प्रसिद्ध झाला. १८७१ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, त्याचा मृत्यू झाला. दुमेरिली या एकाच जातीत त्याला प्रजननाची अनेक रूपे आढळली. काही कृमी हेटरोनेरीस बनून प्रजनन करीत, तर काही रूपांतर न पावताच, नळीत राहून, प्रजनन करीत. नेरीस व हेटरोनेरीस यांचे ऐक्य नुकतेच सिद्ध झाले असल्याने, ही सर्व रूपेही एकाच जातीची मानणे स्वाभाविक होते. एकदा फसलेली बुद्धी दुसऱ्या वेळी विरुद्ध दिशेला अधिक झुकली, असेच म्हणावे लागते.

याच सुमारास, १८६९ साली, मोकें-तांदाँ याने मार्सेय येथील एका उभयलिंगी कृमीचे वर्णन करून त्यास नेरीस मॅसिलिएन्सिस असे नाव दिले. मॅसिलिया हे मार्सेयचे प्राचीन लॅटिन नाव. परंतु प्रौढ शरीररचनेत हा कृमी दुमेरिलीहून वेगळा ओळखता येत नव्हता. त्यामुळे त्याचे नाव बाजूस पडले आणि दुमेरिलीच्या अनेक रूपांत त्याचीही भर पडली. दुमेरिली हा बहुरूपी प्रजननाचा एक विलक्षण नमुना म्हणून पाठ्यग्रंथांत वर्णिला जाऊ लागला.

या वर्णनात 'अटोक प्रजननरूप' असा शब्दप्रयोग येत असे. शब्दार्थाने पाहता तो वदतोव्याघात आहे, कारण जे अपत्यहीन ते प्रजनन करणारे कसे? संज्ञेतील हा विरोध वस्तूतील विरोधाचा सूचक होता. पण त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

त्याचा उलगडा १९५१ साली कार्ल हाउएनशिल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने केला. त्याने मृत नमुन्यांची तुलना न करता जिवंत कृमी पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढविले. तथाकथित अटोक रूपाची संतती नेहमी अटोकच निघे. ती कधीही हेटरोनेरीस बनत नसे. म्हणजे ही एका जातीची दोन रूपे नसून दोन स्वतंत्र जाती होत्या. मोकें-तांदाँचे नाव अशा रीतीने पुन्हा प्रतिष्ठा पावले. मॅसिलिएन्सिसचा जीवनक्रम दुमेरिलीहून मूलतः भिन्न आहे. प्रत्येक प्राणी प्रथम नर असतो. मादी नराच्या सहवासात नळीतच मोठी, पीतकाने भरलेली अंडी घालते व मरते. नर त्या अंड्यांची राखण करतो, आणि पुढे वाढून स्वतः मादी बनतो. दुमेरिलीची लहान अंडी मात्र खुल्या पाण्यात सोडली जातात. एका दिवसात त्यांतून पोहणारा ट्रोकोफोर डिंभ तयार होतो, व सुमारे तीन दिवसांत तीन खंडांचा बालकृमी दिसू लागतो.

येथे भाषाशास्त्रातील एक उदाहरण सहज आठवण्यासारखे आहे. वेदवाङ्मयात 'तोक' हा शब्द अपत्य या अर्थी येतो. ग्रीक 'तोकोस'शी त्याचे ध्वनीने व अर्थाने इतके साम्य आहे की दोन्ही शब्द एकाच मुळाचे, असा निर्णय कोणीही घाईने देईल. परंतु ग्रीक ऱ्हस्व 'ओ'च्या जागी संस्कृतात नियमाने 'अ' किंवा 'आ' येतो, आणि संस्कृत 'ओ' हा मूळच्या संयुक्त स्वरापासून निघालेला असतो. ध्वनिनियम या दोन शब्दांचे नाते मान्य करीत नाहीत. रूपसाम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. पिढीगणिक टिकणारा नियम हाच पुरावा होय. शब्दांच्या बाबतीत जे कार्य ध्वनिनियम करतात, तेच कार्य हाउएनशिल्डच्या प्रयोगात संगोपनाने केले.

(५)

या संगोपनाचे फळ वर्गीकरणापुरते मर्यादित राहिले नाही. दुमेरिली चंद्राच्या कलांनुसार पृष्ठभागी येतो, हे फाज व लजांद्र यांनी दिव्याच्या प्रकाशात केलेल्या मासेमारीच्या निरीक्षणांतून १९२७ साली दाखविले होते. हाउएनशिल्डने पुढे प्रयोगशाळेत काही रात्री मंद प्रकाश ठेवून कृत्रिम चांदणे निर्माण केले, आणि तेवढ्याने कृमींच्या परिपक्वतेला मासिक लय लावता येते हे सिद्ध केले. मेंदूतून स्रवणारे एक संप्रेरक रूपांतरास रोखून धरते, हेही अशाच प्रयोगांतून स्पष्ट झाले.

सतत वाढविता येणारा प्राणी म्हणून दुमेरिली पुढे उत्क्रांतीच्या अभ्यासाचे एक मान्य साधन बनला. २००४ साली डेटलेव्ह आरेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मेंदूत पृष्ठवंशी प्राण्यांच्या दृष्टिपटलातील पेशींशी साम्य असणाऱ्या प्रकाशग्राही पेशी दाखवून दिल्या. हे साम्य केवळ बाह्य रूपाचे नव्हते. त्या पेशींतील प्रकाशग्राही प्रथिनही पृष्ठवंशीयांच्या धर्तीचे होते.

दोन जातींतील भेदाचे महत्त्व निवासस्थानाच्या अभ्यासातही प्रत्ययास आले आहे. नेपल्सजवळील इस्किया बेटाच्या किनाऱ्याशी समुद्रतळातून कर्बद्विप्राणिल वायूचे बुडबुडे निघतात व तेथील पाणी आम्लधर्मी बनते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा पाण्यात प्रामुख्याने पिलांची राखण करणारे, म्हणजे मॅसिलिएन्सिसच्या धर्तीचे, कृमी आढळले. सर्वांना दुमेरिली म्हणणाऱ्या संशोधकाने येथे 'एकच जाती आम्लतेस सरावते' असा निष्कर्ष काढला असता, आणि तो चुकीचा ठरला असता.

(६)

दुमेरिली हे नाव पुढे जगातील कित्येक समुद्रांच्या याद्यांत शिरले. भारतीय किनाऱ्यावरील याद्यांतही ते आढळते. परंतु दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनेरीस कृमींची जनुकीय तपासणी २०२० साली झाली, तेव्हा युरोपीय नावाखाली नोंदलेले तेथील प्राणी निराळ्या जातींचे असल्याचे आढळले. यावरून, एखादे नाव यादीत असणे आणि तो प्राणी त्या किनाऱ्यावर असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे उघड होते. मुंबई, रत्नागिरी किंवा गोवा येथील शैवालांत सापडणाऱ्या कृमीला दुमेरिली म्हणण्यापूर्वी त्याचे दंतक मोजणे पुरेसे नाही. तो कसा वाढतो, कोठे अंडी घालतो आणि त्याची पिले काय बनतात, हे पाहिले पाहिजे. ओर्स्टेडला आणि क्लापारेदला हे पाहण्याची साधने मिळाली नाहीत. आजच्या अभ्यासकास ती उपलब्ध आहेत.